बरी होणारी मुले आणि किरणांचा हिशेब

आज १५ फेब्रुवारी, आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन. सोनेरी फिती लावल्या जातील, रुग्णालयांत कार्यक्रम होतील, आजारातून उठलेल्या मुलांचे सत्कार होतील. ते व्हायलाच हवेत. १९५० च्या आगेमागे रक्ताचा कर्करोग झालेले मूल काही महिन्यांत हातचे जात असे आणि डॉक्टरांजवळ सांत्वनापलीकडे फारसे काही नसे. आज श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत मात्र हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुले आणि किशोरवयीन या आजाराच्या तावडीत सापडतात. २०३० पर्यंत त्यांच्यातली किमान ६० टक्के वाचली पाहिजेत, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केले आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी आपल्या मातीतली शेकडो मुले बरी होऊन घरी परतली आहेत.

मूल बरे होते म्हणूनच त्याच्याबद्दल एक वेगळी जबाबदारी आपल्यावर येते. सत्तरीतल्या आजोबांच्या छातीचा सीटी स्कॅन करताना तीस वर्षांनी त्याचे काय परिणाम होतील, हा विचार कोणी करत नाही आणि करायची गरजही नसते. सहा वर्षांची मुलगी बरी झाली तर तिच्यापुढे शाळा आहे, नोकरी आहे, संसार आहे, साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य आहे. निदान करताना आणि उपचार चालू असताना तिच्या शरीरातून जे किरण गेले, त्यांचा हिशेब त्या सगळ्या वर्षांवर मांडावा लागतो. आजच्या दिवशी आम्हाला बोलायचे आहे ते या हिशेबाबद्दल. तो आपल्याकडे मांडला जात नाही, आणि मांडायचा ठरवला तर त्याची सुरुवात आपल्या कोरेगाव तालुक्यातूनच करावी लागेल.

आपल्या तालुक्यातल्या एखाद्या मुलाच्या पोटाला गाठ लागते, मानेतल्या गाठी उतरत नाहीत, ताप हटत नाही किंवा डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसते, तेव्हा त्याचा प्रवास साधारण ठरलेल्या वाटेने होतो. आधी गावातले डॉक्टर, मग कोरेगावात सोनोग्राफी आणि एक्स-रे. तिथून वीसेक किलोमीटरवर साताऱ्याला, क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात किंवा एखाद्या खासगी केंद्रात. पुढे कोणी कराडचे कृष्णा रुग्णालय गाठते, कोणी रेल्वेने मिरजेला जाते, कोणी पुण्याला. शेवटी बरेच जण परळच्या टाटा रुग्णालयात पोचतात. आई-बाप दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा ओळखीच्या कोणाच्या खोलीत मुक्काम टाकतात, आणि मुलाचे खरे उपचार सुरू होतात.

या वाटेवर मुलाचे फोटो किती वेळा निघतात? गावाकडे एक्स-रेलाही फोटो म्हणतात आणि सीटीलाही मोठ्या मशीनचा फोटो म्हणतात. एका ठिकाणी सीटी निघतो. पुढच्या ठिकाणी तो पुन्हा निघतो, कारण पहिल्याची सीडी मिळालेली नसते, नुसत्या फिल्म असतात. किंवा सीडी असते पण उघडत नाही. किंवा नसेतून औषध न देताच स्कॅन केलेला असतो आणि त्यावरून गाठीचा पसारा कळत नाही. किंवा पोटाचा स्कॅन केलेला असतो आणि हवा असतो छातीसकट. परळला पोचल्यावर तिथले डॉक्टर उपचाराचा आराखडा करताना नीट, पूर्ण स्कॅन मागतात, आणि त्यांचे ते मागणे योग्यच असते. मुलाच्या शरीरातून मात्र एकाच प्रश्नासाठी दोनदा, कधी तीनदा किरण गेलेले असतात. पहिल्या फेऱ्यांतून त्या मुलाला काहीच मिळालेले नसते.

हे किरण किती आणि कसले, हे आधी नीट समजून घेऊ, म्हणजे भीतीही प्रमाणात राहील. माती, दगड, हवा, अन्न आणि अवकाश यांतून येणारे किरण आपण सगळेच जन्मभर झेलत असतो. जगाची सरासरी धरली तर ही मात्रा माणशी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट भरते. छातीच्या एका एक्स-रेत काही दिवसांच्या नैसर्गिक किरणांइतकीच मात्रा असते. डोक्याच्या सीटीत ती साधारण दोन मिलिसिव्हर्टच्या घरात, म्हणजे जवळपास वर्षभराच्या नैसर्गिक किरणांइतकी जाते. पोटाच्या किंवा छाती-पोटाच्या एकत्रित सीटीत ती याच्या काही पट होऊ शकते. पेट-सीटीत नसेतून दिलेल्या किरणोत्सर्गी औषधाची मात्रा आणि सीटीची मात्रा एकत्र होतात. सोनोग्राफीत असतात ध्वनिलहरी, एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी. या दोन्हींत पेशींना इजा करणारे किरण नसतातच. कर्करोगावर उपचार म्हणून जे रेडिएशन देतात, त्याची मात्रा तपासणीतल्या मात्रेच्या हजारो पट असते आणि ती मोजूनमापून नेमक्या गाठीवर दिली जाते. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

तपासणीतली मात्रा लहान असली तरी मुलांच्या बाबतीत ती अधिक जपून वापरायची तीन कारणे आहेत. वाढत्या शरीरातल्या पेशी भराभर विभागत असतात आणि किरणांनी झालेली इजा अशा पेशींत टिकून राहण्याचा धोका अधिक असतो. मूल लहान असते, त्याचे अवयव एकमेकांना खेटून असतात. मोठ्या माणसासाठी लावलेल्या मापावर मशीन तसेच चालवले तर मुलाच्या अवयवांना मोठ्या माणसाहून जास्त मात्रा बसते. आणि किरणांमुळे होणारा कर्करोग उगवायला वर्षे, दशके लागतात. मुलाजवळ ती दशके असतात. किरणांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने २०१३ च्या अहवालात नोंदवले आहे, की ज्या प्रकारच्या गाठींचा विचार झाला त्यांतल्या सुमारे पावभाग प्रकारांत मुले मोठ्यांपेक्षा अधिक संवेदनशील आहेत. रक्ताचा, थायरॉइडचा, स्तनाचा आणि मेंदूचा कर्करोग त्यांत येतो.

ही गोष्ट जगाला पहिल्यांदा कळली ती आयांमुळे. इंग्लंडमध्ये ॲलिस स्टुअर्ट नावाच्या डॉक्टरबाईंना १९५० च्या दशकात प्रश्न पडला, की धडधाकट घरांतली लहान मुले रक्ताच्या कर्करोगाने का जात आहेत. त्यांच्याजवळ मोठा निधी नव्हता. त्यांनी एक प्रश्नावली केली, ती आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत गावोगाव पाठवली आणि मूल गमावलेल्या आयांना आणि धडधाकट मुलांच्या आयांना तेच प्रश्न विचारले: गरोदरपणी काय खाल्ले, कुठले आजार झाले, कुठल्या तपासण्या झाल्या. आयांना सगळे आठवत होते. उत्तरे जुळवली तेव्हा दिसले, की गेलेल्या मुलांच्या आयांच्या पोटाचे एक्स-रे गरोदरपणी सुमारे दुपटीने निघाले होते. १९५६ मध्ये याची पहिली टिपणी आणि १९५८ मध्ये सविस्तर लेख प्रसिद्ध झाला. बाळाची ठेवण पाहायला गर्भवतीचा एक्स-रे काढणे तेव्हा नित्याचे होते, त्यामुळे अनेक तज्ज्ञांनी तो निष्कर्ष वर्षानुवर्षे मानला नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत ब्रायन मॅकमहन यांना रुग्णालयांच्या नोंदींतून तेच आढळले. पुढे सोनोग्राफी आली आणि ती प्रथा मागे पडली. आज प्रत्येक एक्स-रे खोलीबाहेर गर्भवतींसाठी सूचना लावलेली असते, तिच्यामागे त्या आयांची आठवण आहे.

सीटी स्कॅन त्यानंतरचा. लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला आणि १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल मिळाले. शस्त्राने उघडल्याशिवाय शरीराच्या आत पाहण्याची ही सोय किती मोठी, हे बालकर्करोगाच्या डॉक्टरांइतके कोणी जाणत नाही. मूत्रपिंडाची गाठ काढायची तर ती शिरेत शिरली आहे का, फुप्फुसात ठिपके गेलेत का, हे आधी कळलेच पाहिजे. या सोयीची किंमत किती, हे पुढे मोजले गेले. लहानपणी सीटी झालेल्या सुमारे पावणेदोन लाख ब्रिटिश मुला-तरुणांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अस्थिमज्जेला एकूण सुमारे ५० मिलिग्रे मात्रा मिळालेल्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचा धोका जवळपास तिप्पट दिसला. मुळात हा आजार विरळ असल्याने प्रत्यक्ष आकडा छोटा राहतो: दहा वर्षांखालील दहा हजार मुलांच्या डोक्याचा एकेकदा सीटी केला, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा साधारण एक जादा रुग्ण. नऊ युरोपीय देशांतल्या जवळपास साडेनऊ लाख व्यक्तींच्या २०२३ च्या अभ्यासानेही हीच दिशा दाखवली.

हे आकडे वाचून कोणी मुलाचा स्कॅन टाळायला निघाले, तर आम्ही त्यांचे हात धरून सांगू, की तसे करू नका. दहा हजारांत एक हा धोका आहे, आणि समोरचा आजार उपचाराविना राहिला तर मूल जाण्याची खात्री आहे. कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांना पुढे दुसरा कर्करोग झाला, तर त्यात मोठा वाटा औषधांचा आणि उपचारातल्या रेडिएशनचा असतो. तपासणीचा वाटा लहान असतो. पण उपचार अनिवार्य असतात. तपासणीतला अनावश्यक भाग अनिवार्य नसतो. निदान, उपचाराचा परिणाम, पुढची देखरेख असे मिळून एका मुलाचे अनेक स्कॅन होतात, म्हणून कर्करोगाच्या मुलांच्या बाबतीत हा भाग कमी करण्याला अधिक अर्थ आहे.

तो कमी करता येतो, हे जगाने दाखवून दिले आहे. अमेरिकेतल्या सात आरोग्य संस्थांतल्या मुलांच्या सीटीचा अभ्यास २०१३ मध्ये झाला, तेव्हा एका स्कॅनमधली मात्रा ०.०३ पासून ६९ मिलिसिव्हर्टपर्यंत सापडली. तपासणीचा प्रकार आणि शरीराचा भाग यांनी मोठा फरक पडतो, पण तेवढ्याने एवढी तफावत होत नाही; बटणे कशी लावली, यावरही बरेच अवलंबून होते. सर्वांत जास्त मात्रेच्या वरच्या पावभाग स्कॅनांची मात्रा नुसती मध्यावर आणली, तरी त्यातून संभवणारे ४३ टक्के कर्करोग टळतील, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. यासाठी नवे यंत्रही लागत नाही. ठिबकवाल्या शेतकऱ्याला जसे रोपाच्या वयाप्रमाणे पाणी सोडायचे कळते, तसे मशीन मुलाच्या वजनाप्रमाणे लावायचे असते. नळीचा व्होल्टेज उतरवायचा, विद्युतप्रवाह कमी करायचा, जेवढा भाग पाहायचा तेवढाच स्कॅन करायचा आणि एकाच फेरीत काम भागवायचे. औषधाआधी एक, औषधानंतर एक आणि उशिरा एक अशा तीन फेऱ्या मोठ्या माणसाला कधी लागतात. मुलाच्या पोटाला बहुतेक वेळा एक पुरते. तीन केल्या की मात्रा तिप्पट होते. फोटो थोडा दाणेदार दिसतो, पण डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याइतका तो स्पष्ट असतो.

हा विचार जगभर पोचवण्यासाठी अमेरिकेतल्या बालरेडिओलॉजिस्टांनी जानेवारी २००८ मध्ये ‘इमेज जेंटली’ ही मोहीम सुरू केली. मुलांसाठी मशीन कसे लावावे याची कोष्टके त्यांनी मोफत दिली आणि आई-वडिलांसाठी एक छोटे कार्डही काढले, मुलाच्या कुठल्या तपासण्या केव्हा आणि कुठे झाल्या ते लिहून ठेवायला. दुसरी दिशा म्हणजे किरण नसलेल्या तपासण्या. पोटाच्या गाठीला सुरुवात सोनोग्राफीने करायची. डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगात तर डॉक्टर सीटी टाळून एमआरआयच मागतात, कारण तो आनुवंशिक असेल तर त्या मुलाच्या पेशी किरणांना अधिक नाजूक असतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉ. हायके डाल्ड्रुप-लिंक यांच्या गटाने २०१४ मध्ये २२ मुला-तरुणांवर अभ्यास करून दाखवले, की लोहकणांचे औषध देऊन केलेला संपूर्ण शरीराचा एमआरआय गाठी शोधण्यात पेट-सीटीच्या जवळपास पोचतो. अभ्यास छोटा होता, पण त्यातून दिशा कळली.

एमआरआयचा मार्ग आपल्याकडे सोपा नाही, हे मान्य करायला हवे. मुलाला त्या आवाजी बोगद्यात अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहावे लागते. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना बहुधा भूल द्यावी लागते. तिचा स्वतःचा धोका आणि स्वतःची रांग असते. अगदी तान्ह्या बाळांना भुलीशिवाय करायची रीत आहे: पोटभर पाजायचे, दुपट्यात घट्ट गुंडाळायचे आणि ते झोपले की तपासणी करायची. ही कला आपल्याकडच्या प्रत्येक आजीला येते. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी लहान मुलांना भूल देणारे तज्ज्ञ आणि त्यांच्यासाठी राखून ठेवलेली वेळ मिळाली, तर अनेक सीटी आपोआप कमी होतील. ही मागणी सातारा जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेपुढे आम्ही आज मांडत आहोत.

किरणांच्या बाबतीत आपले राज्य मागासलेले नाही. देशात किरणांवर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय मुंबईतच आहे. टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहे. परळलाच भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सारी वैद्यक केंद्र आहे. देशातला पहिला पेट स्कॅनर तिथे २००२ मध्ये सुरू झाला. मंडळाच्या परवान्याशिवाय सीटीचे यंत्र चालवता येत नाही आणि तपासणीच्या यंत्रांची गुणवत्ता ठरावीक मुदतीने तपासून घ्यावी लागते. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक बिल्ला असतो. तो दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत जातो, त्याला किती किरण लागले ते मोजले जाते आणि त्याची नोंद त्याच्या नावावर वर्षानुवर्षे राहते. त्याच्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे.

ही व्यवस्था उत्तम आहे. पण ज्या मुलाच्या शरीरातून ते किरण आरपार जातात, त्याच्या एकूण तपासण्यांची एकत्र नोंद कोणाजवळच नसते. साताऱ्याचा सीटी साताऱ्याच्या संगणकात, मिरजेचा मिरजेच्या, पुण्याचा पुण्याच्या. सगळ्यांना जोडणारी एकच गोष्ट असते: आईच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात फिल्म, रक्ताचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स एकत्र कोंबलेल्या असतात. ॲलिस स्टुअर्ट यांना जे आयांच्या आठवणीतून मिळाले, ते आपल्या डॉक्टरांना याच पिशवीतून मिळू शकते. फक्त तिच्यात योग्य गोष्टी नीट असायला हव्यात. रुग्णावर किरणांची कायद्याची मर्यादा नसते आणि ती नसावी, कारण गरजेचा स्कॅन कधीच अडता कामा नये. आधी बरेच किरण लागले म्हणून आज हवा असलेला स्कॅन नाकारणे ही चूकच ठरेल. नोंदीचा उपयोग दुसरा आहे: झालेला स्कॅन डॉक्टरांच्या हातात असला की तोच पुन्हा करावा लागत नाही.

म्हणून आमची पहिली विनंती तपासणी केंद्रांना आहे, कोरेगावपासून सांगलीपर्यंतच्या सर्वांना. मुलाचा सीटी किंवा एमआरआय केला की फिल्मबरोबर मूळ प्रतिमांची चालणारी सीडी न मागता द्या. फिल्मवर निवडक चित्रे असतात. पुढच्या तज्ज्ञाला सगळी चित्रे लागतात. आजची बहुतेक सीटी यंत्रे किती मात्रा दिली त्याचे एक पान आपोआप तयार करतात. ते पान पुसू नका, सीडीत राहू द्या. मुलांच्या वजनाप्रमाणे मापे लावलेला तक्ता यंत्राशेजारी टांगा.

दुसरी विनंती गावोगावच्या डॉक्टरांना. मुलात कर्करोगाची दाट शंका असेल, तर सोनोग्राफी, रक्ताची तपासणी आणि लागलाच तर एक्स-रे एवढ्यावर थांबून, उपचार जिथे व्हायचे आहेत तिथे मुलाला लवकर पाठवा. मोठा स्कॅन कसा हवा हे तिथले डॉक्टर ठरवतील आणि तो एकदाच होईल. मेंदूत दाब वाढला, श्वास अडला, अशा तातडीच्या वेळी मात्र इथेच, ताबडतोब स्कॅन केला पाहिजे. तिथे एक तासही दवडू नये. शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करणारी बालस्वास्थ्य पथके आणि आशाताई यांना ही वाट नीट माहीत करून दिली, तर मुलाचे आठवडे वाचतील आणि किरणही वाचतील.

तिसरी विनंती आई-वडिलांना. डॉक्टरांना विचारायला संकोचू नका. “साहेब, हा आधीचा स्कॅन आहे, तो बघून मग ठरवाल का?”, “यावरून औषधात काही बदल होणार आहे का?”, “सोनोग्राफीने भागेल का?” हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत, चांगला डॉक्टर त्यांचे स्वागतच करतो. सरळ उत्तर मिळाले की निर्धास्त मनाने स्कॅन करून घ्या. मुलाला धरून उभे राहायचे असेल तर शिशाचा एप्रन मागून घ्या आणि पोटुशी असलेल्या आईने खोलीत थांबू नये. मुलावर मात्र शिशाचा पट्टा टाकला नाही म्हणून घाबरू नका. किरणांचा झोत नेमक्या भागापुरता आवळला, तर त्या पट्ट्याचा फायदा नगण्य असतो आणि तो आड आला तर फोटो बिघडून पुन्हा काढावा लागतो. म्हणूनच अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये ती नित्याची पद्धत थांबवायला सांगितले.

उपचार संपल्यानंतरच्या वर्षांबद्दलही बोलले पाहिजे. मूल बरे झाले तरी आईच्या मनातली धाकधूक जात नाही, आणि दरवर्षी एकदा संपूर्ण शरीराचा पेट स्कॅन करून घ्यावा असे तिला वाटते. कोणी नातलग सुचवतो, पैशांचीही जमवाजमव होते. त्या भीतीबद्दल आम्हाला पूर्ण आदर आहे. पण काही आजारांत असा ठरावीक स्कॅन फारसे काही देत नाही. मुलांच्या हॉजकिन लिम्फोमाच्या २०१२ च्या एका अभ्यासात असे दिसले, की आजार परतला तर तो बहुतेक वेळा लक्षणांवरून आणि डॉक्टरांच्या तपासणीतून कळतो. नियमित सीटीने त्यात फारशी भर पडत नाही. म्हणून ठरलेल्या तारखेला तपासणीला जाणे, मुलाचे वजन, ताप, गाठी यांकडे लक्ष ठेवणे आणि स्कॅनचा निर्णय आपल्या कर्करोगतज्ज्ञांवर सोपवणे हेच शहाणपणाचे. टाटा रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून एसीटी क्लिनिक चालते. तिथे हृदय, वाढ, शिक्षण, मन या सगळ्यांची देखरेख वर्षानुवर्षे होते. गावी परतल्यावर त्या फेऱ्या चुकवू नयेत, हे प्रत्येक घराने मनावर घ्यावे.

शेवटची विनंती तालुक्यातल्या सार्वजनिक संस्थांना. आपल्याकडच्या पतसंस्था, गणेश मंडळे, साखर कारखाने दरवर्षी दिनदर्शिका आणि वह्या छापतात. त्यांनी या वर्षी एक छोटी वही छापावी. तिचे नाव ‘माझ्या तपासण्या’ असावे. तिच्यात तारीख, ठिकाण, कुठली तपासणी, कशासाठी, मात्रेचा आकडा आणि सीडी कुठे ठेवली आहे, असे रकाने असावेत आणि मागच्या बाजूला सीडी ठेवायचा खिसा असावा. लसीकरणाचे कार्ड आपल्या आया वर्षानुवर्षे जपतात; ही वहीही त्या जपतील. ती कोरेगावच्या सरकारी रुग्णालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि बालरोगतज्ज्ञांच्या टेबलावर ठेवावी आणि मोठ्या आजाराच्या वाटेवर निघालेल्या प्रत्येक मुलाच्या आईला द्यावी. पुढे रुग्णालयांचे संगणक एकमेकांशी जोडले जातील, सगळ्या प्रतिमा एका क्रमांकावर मिळतील. तो दिवस यावा असे आम्हालाही वाटते. तोवर मुलांना थांबायला सांगता येत नाही.

यंत्रे महाग असतात, तज्ज्ञ तयार व्हायला वर्षे लागतात, औषधांवर आपला ताबा नसतो. पण एकदा नीट काढलेला फोटो दुसऱ्यांदा काढावा लागू नये, एवढे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. त्याला केंद्रातल्या तंत्रज्ञाची दोन मिनिटे, डॉक्टरांची एक चिठ्ठी आणि आईच्या हातात एक वही लागते. आपल्या तालुक्यातून उपचारासाठी निघालेली मुले बरी होऊन साठी-सत्तरी पाहणार आहेत, असे आम्ही मनापासून मानतो. ते मानायचे असेल, तर त्यांच्या त्या सगळ्या वर्षांसाठीची ही काळजी आजपासूनच घ्यायला हवी.